हो डॉक्टरांची मेई आणि माझे सरळ दात

आमच्या दुकानात नवीन माणूस आला की एक गंमत ठरलेली असायची. तो दारातूनच विचारायचा, "डॉक्टर कोण आहेत?"

मी सांगायचो, "हो."

"अहो हो काय? डॉक्टर कोण?"

"हो."

माणूस चिडायच्या बेताला आला की आतून एक बुटका, टक्कल पडलेला चिनी माणूस हात पुसत बाहेर यायचा आणि शांतपणे म्हणायचा, "मी हो."

नागपुरात सदरच्या रस्त्यावर हो डॉक्टरांचा दातांचा दवाखाना होता. त्यांच्या वडिलांनी कलकत्त्याहून येऊन तो थाटला होता. पदवी वगैरे काही नव्हती, विद्या घराण्यात चालत आलेली. पाटीवर एक भलंमोठं उघडं तोंड रंगवलेलं होतं आणि ते पाहून लहान पोरं पलीकडच्या फुटपाथने जायची. त्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या बाकावर बसून मी सगळं आयुष्य कवळ्या करत घालवलं.

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं की कवळ्यांचे किस्से लिहा, लोकांना हसू येईल. किस्से पुष्कळ आहेत. पण ते आठवायला बसलो की प्रत्येक किश्श्यात मेई येऊन बसते. मेई म्हणजे हो डॉक्टरांची एकुलती एक मुलगी. पुढे ती हाँगकाँगला जाऊन सिनेमानटी झाली, आणि इतक्या सिनेमांत दिसली की शेवटी तिलाही त्यांची नावं आठवेनात. तिच्याबद्दल लिहायचं तर मला माझ्या हेव्याबद्दल लिहावं लागेल. दुसरं तिच्याविषयी माझ्याजवळ फारसं काही नाही.

मी नागपुरातल्याच इंदोऱ्याचा. वडील गिरणीत होते. मॅट्रिकला गणितात आपटलो, तेव्हा वडील दाढ काढायला हो डॉक्टरांकडे गेले होते ते माझी नोकरी घेऊनच परत आले. आईने विचारलं, दुकान कसं आहे. वडील म्हणाले, कपाटावर बुद्धाची मूर्ती आहे. आईला तेवढं पुरलं. आमच्या घरी दीक्षा घेऊन दहाएक वर्षं झाली होती. पुढच्या आठवड्यात ती स्वतः मूर्ती पाहायला आली, आणि चिनीमातीचा तो पोट सुटलेला, खदखदा हसणारा बुद्ध बघून जोडलेले हात तसेच ठेवून उभी राहिली. मग हळूच मला म्हणाली, "हे एवढे लठ्ठ काहून गा?"

मागच्या बाजूला मेई उभी होती. सोळा-सतरा वर्षांची असेल. ती म्हणाली, "काकू, आमच्याकडे ते जेवून राहिले, तुमच्याकडे उपाशी होते."

आई हसली. तिला मेई तेव्हापासून आवडली. मला मात्र त्याच दिवशी कळलं की या दुकानात बोलणं सुचायला मला एक दिवस लागतो आणि हिला क्षणही लागत नाही.

कवळी कशी होते ते थोडक्यात सांगतो. आधी मऊ लगद्यात हिरड्यांचं माप घ्यायचं. त्यात प्लास्टर ओतून साचा करायचा. साच्यावर मेणाची हिरडी उभी करायची आणि त्या मेणात एकेक दात रोवायचा. दात तयार मिळतात. मेणातली ती कवळी माणसाच्या तोंडात घालून बघायची, त्याला बोलायला लावायचं, हसायला लावायचं. सगळं पटलं की मेण वितळवून काढायचं, त्या जागी गुलाबी मसाला भरून शिजवायचा आणि घासून चकचकीत करायचा. यातली बाकीची कामं कोणालाही शिकवता येतात. कला आहे ती मेणात. कोणता दात किती पुढे, कोणता किंचित वळलेला, कोणता शेजाऱ्याच्या अंगावर जरासा रेललेला. तिथं चुकलं की म्हातारा माणूस घोड्यासारखा दिसतो.

मी सगळं शिकलो. माझ्या कवळ्या कधी तुटल्या नाहीत, सैल झाल्या नाहीत. पण माझे दात सरळ यायचे. एका ओळीत, एका उंचीचे. हो डॉक्टर कवळी खिडकीकडे धरून बघायचे आणि म्हणायचे, "मनोहर, शिपाई उभे केले. तोंडात शिपाई नाही पाहिजे, माणूस पाहिजे."

मेई कॉलेजातून आली की पुस्तकं टाकून माझ्या शेजारी बसायची. तिला कोणी शिकवलेलं मी पाहिलं नाही. ती आधी रोग्याकडे बघायची. तो कसा बसतो, ओठ कसे मिटतो, थुंकी कशी गिळतो. तो गेला की त्याची नक्कल करायची. दात नसलेली म्हातारी भाजीवाल्याशी कशी भांडते, नवी कवळी बसवलेला वकील पहिल्यांदा "माय लॉर्ड" कसा म्हणतो. हो डॉक्टर पोट धरून हसायचे. आणि मग ती मेणात दात रोवायची. त्या नकलेतूनच तिला कळलेलं असायचं की या माणसाचा कोणता दात वाकडा पाहिजे.

कामठीचा एक क्लॅरिनेटवाला होता. लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा. पुढचे दात पडले आणि त्याचं पोटच बंद झालं, कारण ते वाद्य दाताने धरून फुंकायचं असतं. हो डॉक्टरांना कामठीला जाता येत नव्हतं. चीनशी लढाई होऊन काही वर्षं झाली होती, पण अजूनही त्यांना पोलीस ठाण्यात हजेरी लावावी लागे, आणि कामठीला तर लष्कराची छावणी. तेव्हा तोच बिचारा पुन्हा पुन्हा बसने यायचा. मी त्याला तीनदा कवळी करून दिली. तिन्ही वेळा जेवण उत्तम, वाजवणं शून्य. चौथ्या वेळी मेई म्हणाली, "चाचा, क्लॅरिनेट घेऊन या."

तिने मेणातलीच कवळी त्याच्या तोंडात घातली आणि म्हणाली, वाजवा. तो घाबरत वाजवायला लागला. ती त्याच्यासमोर स्टुलावर बसून बघत होती. मध्येच थांबवायची, दात बोटाने कणभर हलवायची, पुन्हा वाजवा. सदरच्या रस्त्यावर माणसं जमली. शेवटी त्या माणसाने एक आख्खी चाल वाजवली, तेव्हा त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. जाताना तो तिच्या डोक्यावर हात ठेवून गेला. साचा मी केला होता, मसाला मी शिजवला, घासून मीच दिला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही.

मला राग आला तो क्लॅरिनेटवाल्याचा नाही. हे मला सुचलं नव्हतं, याचा आला. आणि तिला त्यात विशेष काही वाटत नव्हतं, याचा जास्त.

पुढच्याच वर्षी मेई हाँगकाँगला गेली. तिची आत्या तिथं होती. इथं तिच्या लग्नाचं जमत नव्हतं, कॉलेजातही कोणी ना कोणी टोचून बोलायचं. एकदा तर तिला कोणी विचारलं, तुझ्या देशात कधी जाणार. ती घरी येऊन मला म्हणाली, "मनोहर, माहा जन्म मेयोतला. मी कोणत्या देशात जाऊ गा?" मेयो म्हणजे आमचं इथलं मोठं सरकारी हॉस्पिटल. मी मनात म्हटलं, जा कुठेही.

ती गेली आणि बाक माझा झाला. मला वाटलं, आता हो डॉक्टर माझ्याकडे बघतील. त्यांनी बघितलं ते असं, की माझी प्रत्येक कवळी खिडकीकडे धरून ते म्हणायचे, "मेई असती तर." पुढचं वाक्य त्यांनी कधीच पुरं केलं नाही. पुरं केलं असतं तर बरं झालं असतं.

मग तिची पत्रं येऊ लागली. हो डॉक्टर ती चिनीत वाचून मला आणि समोर बसलेल्या रोग्याला, तोंडात चिमटा असला तरी, मोडक्या मराठीत सांगायचे. आत्याचा शेजारी स्टुडिओत कामाला होता. भिंतीवरून खाली पडायला एक मुलगी हवी होती. मेई पडली. चांगली पडली. दुसऱ्या सिनेमात पायऱ्यांवरून पडली. तिसऱ्यात घोड्यावरून. पडता पडता तिच्या हाती तलवार आली, आणि तलवार आल्यावर तिला नाव मिळालं. नाव म्हणजे खरोखरच दुसरं नाव. मेई म्हणून तिला तिथं कोणी ओळखत नव्हतं. एका सिनेमाचं काम सकाळी, दुसऱ्याचं दुपारी, असं ती करायची. प्रवाशांच्या सराईतली मुलगी, सेनापतीची बहीण, सूड घ्यायला निघालेली विधवा, भूत. पत्रासोबत फोटो यायचे. हो डॉक्टरांनी दातांच्या रचनेची जुनी चित्रं भिंतीवरून उतरवली आणि तिथं तिचे फोटो लावले. माझ्या बाकासमोरच. मान वर केली की ती माझ्यावर तलवार रोखून उभी.

कोराडीला वीज केंद्र झालं होतं, तिथली पोरं सुट्टीच्या दिवशी शहरात यायची. ती धडधाकट दात घेऊन आमच्याकडे यायची, का तर भिंतीवरचे फोटो बघायला. "काकाजी, हे खरंच तुमची पोरगी व्हय?" हो डॉक्टर म्हणायचे, "हो." आणि यावेळी कोणालाही त्यात गंमत वाटायची नाही.

तिचा पहिला सिनेमा नागपुरात लागला तो सकाळच्या खेळाला. हाणामारीचे चिनी सिनेमे तेव्हा नुकतेच येऊ लागले होते, इंग्रजीत बोलणारे. हो डॉक्टरांनी दवाखाना बंद केला, कोट घातला, आणि त्या सकाळी जे रोगी आले होते त्यांनाही बरोबर घेतलं. मीही गेलो. ती आली. पडद्यावर एका सराईत चहा देत होती. तिने तोंड उघडलं आणि एक जाड, परक्या बाईचा इंग्रजी आवाज बाहेर आला. हो डॉक्टर दचकले. माझ्या मनगटाला धरून म्हणाले, "ही मेई नाही बोलत." मग मारामारी झाली, आणि ती मेली. सिनेमा पुष्कळ शिल्लक होता.

मला आत कुठेतरी गार वाटलं. मेली, आणि तेही दुसऱ्याच्या आवाजात. पण हो डॉक्टर उठले नाहीत. पुढचे सगळे लोक मरेपर्यंत ते पडद्याकडे बघत बसले. बाहेर आल्यावर म्हणाले, "पाहिलं? पडली तेव्हा तोंड मिटून पडली. जीभ चावली जात नाही. हुशार आहे."

त्यानंतर तिचा प्रत्येक सिनेमा मी बघितला. आमच्या घरात यावरून वेगळंच सुरू झालं. माझी बायको सुमन. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने दुकानातले ते फोटो पाहिले होते. रविवारी सकाळी मी शर्ट घालू लागलो की ती म्हणायची, "चालले का तिले भेटाले?"

"अवं, सिनेमा पाहाले चाललो."

"तिचाच काहून? गावात दुसरे सिनेमे नाईत?"

मी सुमनला काय सांगणार? की मी मेईला पाहायला जात नाही, ती कुठे चुकते ते पाहायला जातो? की आज तरी ती वाईट काम करेल या आशेने जातो आणि दरवेळी तोंड पाडून येतो? प्रेम म्हटलं असतं तर निदान सुमनला समजलं असतं. मी गप्प राहायचो, आणि माझं गप्प राहणं तिला पुरावा वाटायचा.

तोंड पाडून यायचो याचं कारण, मेई चांगलीच होती. सिनेमे टाकाऊ असायचे. गोष्ट एकच, जागा त्याच, त्याच डोंगरावर तीच माणसं मरायची. पण ती आली की कळायचं, ही बाई कालपर्यंत त्या सराईत खरंच चहा देत होती. एका सिनेमात तिने दात पडलेल्या म्हातारीचं सोंग घेतलं. थेटरातले लोक हसत होते आणि मी थिजून बसलो होतो. ती आमची भाजीवाल्याशी भांडणारी म्हातारी होती. आमच्या दुकानातली. ओठ आत ओढायची तीच तऱ्हा. मी त्या म्हातारीच्या तोंडात बोटं घालून माप घेतलं होतं आणि मला ती दिसली नव्हती.

माझं काम मात्र चालत होतं, आणि नावही होतं. मौद्याच्या एका शेतकरी घरातल्या आजीबाईंना मी पूर्ण कवळी करून दिली. इतकी निर्दोष, की मी ती सुमनला दाखवायला घरी नेली होती. आठ-दहा दिवसांनी आजीबाई ती रुमालात बांधून परत घेऊन आल्या. मी विचारलं, "टोचते का, आजी?"

"नाई बा."

"मंग खाता येत नाई?"

"येते ना. हरभरे खाल्ले. पण आरशात पाह्यलं त् वाटते, दुसऱ्या कोणाची बाई माह्या घरात आली. नातू जवळ येत नाई."

हो डॉक्टरांनी ऐकलं. कवळी खिडकीकडे धरून बघितली आणि माझ्या बाकावर ठेवली.

सत्तरचं दशक सरता सरता हो डॉक्टरांचे स्वतःचे दात गेले. हिरड्यांचा आजार होता, एकेक करत सगळे काढावे लागले. काढले मीच. दातांच्या डॉक्टराचं तोंड बोळकं झालं. आता त्यांची कवळी करायची. मी दुसऱ्या दिवशीच लगदा कालवून तयार ठेवला.

ते म्हणाले, "हिरडी भरू दे."

हिरडी भरायला काही महिने लागतात हे खरं आहे. भरली. मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "थंडी जाऊ दे." मग उन्हाळा जाऊ दे. मग बघू. दुकानात येणारे जाणारे हसायचे, स्वतःचे दात नाहीत आणि दुसऱ्याचे लावतो. ते मऊ भात, वरण, सूप यांवर दिवस काढू लागले. भुईमुगाच्या शेंगा त्यांना फार आवडायच्या. मी खायला लागलो की ते बघत बसायचे. वर्ष गेलं, दुसरं गेलं. ते कोणाची वाट बघत आहेत हे मला पहिल्याच नकारात कळलं होतं. माझ्या हाताने काढलेल्या दातांच्या जागी त्यांना माझ्या हातचे दात नको होते. मी रोज त्यांच्या त्या आत गेलेल्या गालांकडे बघत दुसऱ्यांच्या कवळ्या घासायचो. एवढा अपमान मला कोणी शिवी देऊनही केला नसता.

आणि मेई आली. ऐंशी सालानंतरची गोष्ट. वडिलांना हाँगकाँगला घेऊन जायला आली होती. रिक्षातून उतरली तेव्हा मी ओळखलंच नाही. साधी पँट, केस बारीक कापलेले, एका पायाने किंचित लंगडत. फोटोत जी तलवार घेऊन उभी असायची तिच्याहून ही बाई बरीच बुटकी होती. मला बघून म्हणाली, "काहून गा मनोहर, म्हातारा झाला तू त्." इतक्या वर्षांत तिच्या तोंडून तिचा स्वतःचा आवाज ऐकला तो हा.

हो डॉक्टर जायला तयार झाले नाहीत. मला वाटलं, दुकानासाठी, कदाचित माझ्यासाठी. ते मेईला म्हणाले, "इथं भिंतीवर तुझे फोटो आहेत. लोक येतात, बघतात. तिथं तुला सगळे ओळखतात, मी कोणाला सांगणार?" मग त्यांनी खुर्चीत बसून तोंड उघडलं आणि बोट दाखवलं. "हे कर. मग जा."

मेईने माप घेतलं. मी लगदा कालवून दिला, जसा बारा-पंधरा वर्षांपूर्वी द्यायचो. दुसऱ्या दिवशी ती बाकावर बसली, मेण तापवलं, पहिला दात उचलला. तो हातातून पडला. पुन्हा उचलला. तिची उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. मी बघतो आहे हे तिला कळलं.

"तलवार लागली?" मी विचारलं.

"तलवार त् लाकडाची राहते. दरवाजा. दिग्दर्शक म्हणे, दार जोरात लाव, घाईत आहे तू. बोटं मधात होते. त्यानं तोच शॉट ठेवला. लोक म्हणे, काय रडली." ती बोटं चोळत होती. "गुडघा छतावरून उतरताना गेला. पाठ कशात गेली ते आठवत नाई. इतके सिनेमे केले, मनोहर, की आता टीव्हीवर कधी लागला त् मलेच वाटते, आता ही मरते का जगते?"

"मग आता काय करते?"

"माय बनते. हिरोची माय. मायले पडा लागत नाई." ती हसली. मग दाराकडे बघून आवाज खाली आणला. "त्याले सांगू नको. तू करून दे. तो समजन मी केली."

खरं सांगतो, मला आधी आनंद झाला. तिचा हात गेला होता. इतकी वर्षं ज्या हाताखाली मी दबलो होतो, तो हात एका दारात चिरडला होता, आणि माझे दोन्ही हात शाबूत होते. तो आनंद संध्याकाळपर्यंतही टिकला नाही. कारण काम करायचं होतं मी, आणि नाव व्हायचं होतं तिचं. मी नाही म्हणू शकत होतो. पण मग म्हातारा बोळक्यानेच मेला असता.

मी कवळी केली. मेई शेजारी बसून चहा पीत होती, एकदाही मध्ये बोलली नाही. हो डॉक्टरांचं तोंड मला पाठ होतं. वरच्या बाजूचा डावा सुळा त्यांचा थोडा पुढे होता, हसले की ओठ तिथं अडायचा. पुढचे दोन एकमेकांकडे कलले होते. एक दात बाकीच्यांहून पिवळा. मी हे सगळे दात माझ्या हाताने काढले होते, आणि त्याआधी इतकी वर्षं रोज समोर पाहिले होते. त्यात मला कसला विचारही करावा लागला नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मेणात शिपाई उभे राहिले नाहीत.

हो डॉक्टरांनी कवळी बसवली. आरसा घेतला. जबडा इकडून तिकडे फिरवला. मग हसले, आणि ओठ सुळ्यावर अडला. त्यांनी आरसा मांडीवर ठेवला आणि बराच वेळ डोळे पुसले. संध्याकाळी दुकानाच्या पायरीवर बसून ते शेंगा फोडून खात होते, आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला थांबवून दात दाखवत होते. "माझ्या मुलीने केले. एवढी मोठी ॲक्ट्रेस, पण हात बघा."

मी आत बाकावर होतो. तेवढ्यात मला वळून म्हणाले, "मनोहर, नीट बघून ठेव. असं पाहिजे."

मेई माझ्या मागे उभी होती. ती पुढे गेली, त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि सगळ्यांदेखत मराठीत म्हणाली, "पप्पा, हे मी नाई केलं. मनोहरनं केलं. माह्या बोटानं दात उचलल्याच जात नाई." आणि हात पुढे करून दाखवला.

हो डॉक्टरांनी तो हात हातात घेतला, थोपटला आणि ते लोकांकडे बघून हसले. "लहानपणापासून अशीच आहे. आपलं काम दुसऱ्याला देऊन टाकते." मग तिला समजावल्यासारखं म्हणाले, "मनोहरचा दात सरळ असतो, बेटा. मला माहीत नाही का? हा वाकडा आहे. असा फक्त तू बसवते."

तिने पुन्हा सांगितलं, चिनीतही सांगितलं. त्यांनी आणखी एक शेंग फोडली. लोक म्हणाले, किती मोठ्या मनाची मुलगी. मी उठून मागच्या नळावर हात धुवायला गेलो. हाताला काही लागलेलं नव्हतं.

मेई तिथं आली. "आता काय करू सांग," ती म्हणाली.

"काही नको करू."

"तुले राग येऊन राहिला."

"आजचा नाई," मी म्हटलं. "तू पहिल्यांदा कामठीच्या चाचाले वाजवाले लावलं, तेव्हापासूनचा आहे."

तिला तो चाचा आठवायला वेळ लागला. ज्या गोष्टीवर मी इतकी वर्षं जळलो होतो ती तिच्या लक्षातही नव्हती. मग ती म्हणाली, "तो? त्याले त् मी बस वाजव म्हटलं. बाकी सगळं तुयाच साच्यात बसलं होतं." ती हे मनापासून म्हणाली की माझं मन राखायला, हे मला आजही ठरवता येत नाही. ती नटी होती.

जाण्याच्या आदल्या दिवशी ती स्वतःच खुर्चीत येऊन बसली आणि वरचा ओठ उचलून दाखवला. पुढचा एक दात नकली होता, तिकडे बसवलेला, पांढराफटक. म्हणाली, "हा बदलून दे. मायच्या तोंडात नवरीचा दात दिसते." मी तो काढला, तिच्या बाकीच्या दातांच्या रंगाचा, जरा झिजलेला, कडेला थोडा वळलेला दात बसवून दिला. तिने आरशात पाहिलं, जिभेने चाचपलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून बाहेर गेली.

हो डॉक्टर त्यानंतर दोनेक वर्षं जगले. शेंगा खात जगले. शेवटपर्यंत त्या कवळीत एकदाही काही घासावं लागलं नाही, आणि त्याचंही श्रेय मेईलाच गेलं. ते गेल्यावर तिने दुकान माझ्या नावे केलं. पाटी मी तीच ठेवली. फोटोही काढले नाहीत. पुष्कळदा हात गेला, पण भिंत ओकीबोकी दिसली असती.

मग व्हिडिओ आले. आमच्या वस्तीत एकाने टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने आणला होता, आणि अंगणात सगळे बसले होते. सिनेमा चिनी होता. सुमन माझ्या शेजारी. हिरो रागाने घर सोडून जातो आणि त्याची आई दारात येते. ती मेई होती, पांढऱ्या केसांची. कॅमेरा जवळ गेला. तिने पोराला दोन शब्द सुनावले, पुन्हा कोण्या परक्या बाईच्या आवाजात, आणि मग तिला मध्येच हसू आलं. पूर्ण पडदाभर ते हसू होतं, आणि त्यात वरच्या ओळीत, कडेला किंचित वळलेला तो दात.

मला राहवलं नाही. सुमनच्या कानाशी म्हटलं, "तो समोरचा दात पाह्य. मी बसवला."

सुमनने दाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. पडद्यावर मेई दार लावून आत गेली तेव्हा म्हणाली, "हाँगकाँगच्या बाईचा दात बसवते माणूस. माही दाढ दिवाळीपासून दुखून राहिली, ते नाई दिसली."

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडल्याबरोबर, मी तिला खुर्चीत बसवलं. दाढ खालची होती, डावीकडची. फार किडली होती.